एअर रायफल नेमबाजी

संपीडित हवेच्या दाबाने ४.५ मिमी. व्यासाचा, सपाट तोंडाचा शिशाचा छर्रा सोडणाऱ्या रायफलीने १० मी. अंतरावरील निशाणाचा उभ्याने वेध घेण्याचा क्रीडाप्रकार. रायफलीचे वजन ५.५ किग्रॅ. पेक्षा जास्त चालत नाही.

हवेच्या बंदुकीच्या उगमाविषयी एकमत नाही. जुने संदर्भग्रंथ न्यूरेंबर्गच्या हान्स लोबसिंगरला (सु. १५६०) श्रेय देतात, काहीजण फुंकनळीपासूनच परंपरा मोजतात. लोबसिंगरची बंदूक मात्र आज उपलब्ध नाही. टिकून राहिलेल्यांत सर्वांत जुनी समजली जाणारी बंदूक भात्यावर चालणारी असून ती सु. १५८० मधील मानतात व स्टॉकहोम येथे जतन केली आहे. त्यामुळे सोळाव्या शतकाचा उत्तरार्ध एवढेच म्हणणे अधिक सुरक्षित. सु. १७८० मध्ये ऑस्ट्रियन सैन्याने जिरार्दोनी या कारागिराची हवेवर चालणारी रायफल स्वीकारली. जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा प्रकार १९६६ पासून, तर ऑलिंपिकमध्ये १९८४ पासून आहे.

निशाणावरील दहाचा ठिपका अवघा ०.५ मिमी. व्यासाचा असतो आणि पुढचे प्रत्येक वलय २.५ मिमी. रुंद. छर्ऱ्याची कड ठिपक्याला शिवली तरी दहा गुण मिळतात. म्हणजे छिद्राचा मध्य केंद्रापासून २.५ मिमी. च्या आत हवा. दशांश मोजणीत दर ०.२५ मिमी. ला ०.१ गुण जातो, १०.९ हा कमाल गुण. पात्रता फेरीत ६० फैरींसाठी ७५ मिनिटे मिळतात व कमाल गुण ६५४. महिलांच्या ४० फैरी २०१८ पासून ६० झाल्या. पात्रता फेरीत दशांश मोजणी २०१३ मध्ये आली, त्यामुळे आधीचे गुण आजच्यांशी ताडून पाहू नयेत: अभिनव बिंद्राचे बीजिंगमधील (२००८) ७००.५ गुण हे पात्रतेतील ५९६ व अंतिम फेरीतील १०४.५ यांची बेरीज होते.

कौशल्याचा गाभा आहे पोझिशन, म्हणजे उभे राहण्याची ठेवण. उजव्या हाताचा नेमबाज निशाणाला डावी कूस देऊन उभा राहतो, डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो आणि पाठ मागे व किंचित उजवीकडे कलवतो. रायफलीचा भार हाडांनी पेलायचा, दंडाच्या स्नायूंनी नव्हे. नैसर्गिक रोख (शरीर सैल सोडल्यावर रायफल आपोआप जिकडे वळते ती दिशा) तपासण्यासाठी डोळे मिटून दोन-तीन श्वास घ्यावेत आणि उघडावेत. पुढच्या साइटच्या (नेम धरण्याच्या साधनाच्या) रिंगमधून निशाणाचे काळे वर्तुळ बाजूला सरकलेले दिसले, तर पावले हलवावीत. नवखे इथे हाताने रायफल ओढून घेतात. चाप दाबताच स्नायू सैलावतो आणि छर्रा मूळ रोखाकडे जातो. दोन साइट्समधले अंतर ८० सेंमी. धरल्यास त्या जुळवण्यातली ०.०२ मिमी. ची चूक निशाणावर ०.२५ मिमी. होते.

छर्रा साधारण १७० मी./से. वेगाने निघतो. नळीतून तो बाहेर पडेपर्यंत रायफल स्थिर राहिली पाहिजे, म्हणून चाप दाबल्यावरही क्षणभर नजर साइटवर ठेवतात (फॉलो-थ्रू). आठ-दहा सेकंदांत फैर सुटली नाही, तर डोळा शिणतो व प्राणवायू घटतो. तेव्हा रायफल खाली उतरवणेच योग्य. हे उतरवणे शिकायलाच सर्वाधिक वेळ लागतो. छर्रा न भरता, कोऱ्या भिंतीसमोर केलेला ड्राय सराव त्यासाठी उपयोगी पडतो, कारण निकालाचे दडपण नसल्याने चापावरचे बोट नीट जाणवते.

वाढत्या वयाच्या नेमबाजाची निराळी अडचण असते. उंची वाढली की खांद्याची प्लेट आणि गालाचा टेकू जुन्या मापावर राहतात. मान पुढे झुकते, डोळा मागच्या साइटच्या मध्यातून ढळतो व ग्रुप (निशाणावरील छिद्रांचा पुंजका) उभा पसरतो. पुष्कळदा दोष छर्ऱ्यांना दिला जातो. छर्ऱ्यांची परीक्षा रायफल शिकंज्यात घट्ट बसवूनच करावी: ग्रुप घट्ट आला तर दोष माप वा पोझिशनमध्ये आहे. प्लेट एका वेळी थोडीच सरकवून नवे माप वहीत टिपावे. कॅनव्हास-चामड्याचे जॅकेटही तपासावे. कापडाची जाडी २.५ मिमी. पेक्षा अधिक चालत नाही. घट्ट झालेले जॅकेट कंबरेत दुमडते आणि कोपराचा टेकू बिघडवते.

ज्युनिअर गट वयाची एकवीस वर्षे पूर्ण होतात त्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत असतो. मात्र ज्युनिअरांना खुल्या गटातही उतरता येते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरोत खुल्या गटाचा विश्वविजेता झाला, तेव्हा तो १८ वर्षांचा होता.