चुंबकीय सेन्सरची तापमान-भरपाई: पार्श्वभूमी

परभणीत थंडीच्या कडाक्यात पारा ५ अंशांपर्यंत उतरतो आणि मे महिन्यात ४४ च्या वर जातो. फेराइट चुंबकाचे क्षेत्र दर अंशाला सुमारे ०.२ टक्के घटते. ४० अंशांच्या फरकात ही घट ८ टक्के होते, म्हणजे सेन्सर चोख असूनही रीडिंग तेवढे चुकते.

या सेन्सरचा पाया म्हणजे हॉल परिणाम: करंट वाहणारी पट्टी चुंबकीय क्षेत्रात ठेवली की तिच्यात आडवे व्होल्टेज तयार होते. एडविन हॉल यांनी १८७९ मध्ये सोन्याच्या वर्खावर तो मोजला. धातूत मिळणारे व्होल्टेज मात्र अगदीच तोकडे. १९५० च्या दशकात सीमेन्समध्ये हाइनरिख वेल्कर यांनी नव्या अर्धवाहक संयुगांवर काम केले. त्यांतल्या इंडियम अँटिमोनाइडने सिग्नल भरपूर दिला आणि तापमानाचे दुखणेही सोबत आणले. त्याचा ऊर्जा-फरक (इलेक्ट्रॉन मोकळा व्हायला लागणारी ऊर्जा) जेमतेम ०.१७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट, त्यामुळे तापल्यावर त्यातले मोकळे इलेक्ट्रॉन झपाट्याने वाढतात. त्याचा हॉल घटक, म्हणजे क्षेत्र मोजणारा तुकडा, स्थिर करंटवर चालवला तर हॉल व्होल्टेज दर अंशाला जवळपास २ टक्के पडते. स्थिर व्होल्टेजवर चालवला तर रोध घटतो तसा करंट वाढतो आणि बरीचशी घट आपोआप भरून निघते. गॅलियम आर्सेनाइड या दुसऱ्या अर्धवाहकाचे नेमके उलटे: त्याला स्थिर करंट द्या, घसरण दर अंशाला ०.०६ टक्क्यांच्या आसपास राहते. जुना हॉल घटक काढून दुसऱ्या जातीचा बसवला आणि ड्राइव्ह (स्थिर करंट की स्थिर व्होल्टेज) तीच ठेवली, तर पुढे कितीही थर्मिस्टर (तापमानानुसार रोध बदलणारे घटक) जोडा, हिशेब जुळत नाही.

१९६० च्या दशकाच्या अखेरीस हॉल घटक आणि अँप्लिफायर एकाच सिलिकॉन चिपवर आले. पुढे चिपच्या आतच करंटची दिशा आळीपाळीने फिरवून ऑफसेट (क्षेत्र नसतानाही दिसणारे रीडिंग) काढणे सुरू झाले. चुंबकाची घट भरून काढणारा धन गुणांकही (तापमानासोबत सिग्नल वाढवणारा) आता काही चिपमध्ये प्रोग्रॅम करता येतो. पॉटिंगचा, म्हणजे सेन्सर इपॉक्सीत ओतून बंद करण्याचा, त्रास मात्र राहिला आहे. इपॉक्सी घट्ट झाल्यावर चिपवर ताण येतो आणि ऑफसेट सरकतो. म्हणून कॅलिब्रेशन पॉटिंगनंतरच करावे.

वाळूज-चिकलठाणा औद्योगिक वसाहतींतल्या शेडमध्येही हे कॅलिब्रेशन जमते. १०, २५ आणि ६० अंश, प्रत्येक टप्प्यावर अर्धा तास थांबा. आधी चुंबक दूर ठेवून शून्य टिपा, मग चुंबक जागेवर बसवून गेन (क्षेत्राच्या मानाने सिग्नल किती मिळतो ते). शून्याची दुरुस्ती आधी, गेनची नंतर. थर्मिस्टर रेग्युलेटरशेजारी (पुरवठा व्होल्टेज स्थिर ठेवणाऱ्या भागाजवळ) नको, चुंबकाला चिकटवा. रेग्युलेटर सुरू होताच तापतो, चुंबक मात्र सावकाश. तेवढा वेळ भरपाईच चुकीच्या दिशेने ओढत राहते.