पॅच आणि ब्लॉक: सिझरनंतरच्या डोकेदुखीवरचे दोन निराळे उपाय

सिझरचा दुसरा दिवस. बाळंतीण बाळाला पाजायला उठून बसते आणि पाच मिनिटांत कपाळापासून मानेपर्यंत असं ठणकायला लागतं, की बाळ आपल्या आईच्या हातात देऊन ती परत आडवी होते. आडवं झालं की उतार पडतो. बसलं की दुखतं, झोपलं की थांबतं, ही मणक्यातल्या भुलेनंतरच्या डोकेदुखीची खूण. भुलेच्या सुईने मज्जारज्जूच्या आवरणाला पडलेल्या छिद्रातून आतलं पाणी झिरपतं आणि डोक्यातला दाब उतरतो.

हे दुखणं या भुलेइतकंच जुनं आहे. १८९८ साली जर्मनीत ऑगस्ट बीअर यांनी स्वतःच्या पाठीत सुई टोचून घेतली. सिरिंज सुईला नीट बसेना, पाणी वाहून गेलं आणि पुढचे नऊ दिवस त्यांचं डोकं दुखत राहिलं.

गोळ्या, भरपूर पाणी, कॉफी यांनी भागलं नाही, की भूलतज्ज्ञ 'पॅच' किंवा 'ब्लॉक' सुचवतात. घरच्यांना दोन्ही एकच वाटतात: "परत पाठीत सुई?"

पाठीत सुई लागते ती पॅचला. दंडातून साधारण १५ ते २० मिली रक्त काढून लगेच मणक्यात, छिद्राच्या आसपास, आवरणाच्या बाहेर हळूहळू सोडतात. पाठ दाटल्यासारखी वाटली की थांबतात. रक्त गोठून भोक बुजतं, म्हणजे मुळावरच इलाज होतो. अनेकींना काही तासांतच उठून बसता येतं, काहींना दुसऱ्यांदा पॅच लागतो. अंगात ताप असेल किंवा रक्त पातळ करणारं औषध चालू असेल तर हा उपाय टाळतात.

ब्लॉक पाठीला हात लावत नाही. डोक्याच्या मागे, केसांच्या मुळाशी, मानेतून वर टाळूकडे जाणारी नस असते. तिच्याशेजारी बारीक सुईने बधिर करणारं औषध देतात, कधी त्यात स्टेरॉइडही असतं. दुसरा प्रकार नाकातला: औषधात भिजवलेला कापसाचा बोळा काडीने खोलवर सरकवून काही मिनिटं ठेवतात. सुई नाही म्हणून तो लोकांना आवडतो, पण एका चाचणीत नुसत्या मिठाच्या पाण्यानेही तेवढाच आराम पडलेला दिसला. मला तरी मानेमागचा ब्लॉक जास्त भरवशाचा वाटतो.

ब्लॉकने भोक बुजत नाही. दुखण्याची वर्दी तेवढी थांबते, तीही काही तास किंवा काही दिवस. तेवढ्यात छिद्र आपलं आपण मिटलं तर पॅच टळतो, आणि हे कमी नाही. नवी आई बसून बाळाला पाजू शकते.

(उशी काढून चोवीस तास सपाट झोपवण्याची आपल्याकडची पद्धत ही डोकेदुखी टाळत नाही. त्या बाईला उगाच जखडून ठेवू नका.)

दोन्हींपैकी काहीही केलेलं असो, झोपूनही डोकं दुखायला लागलं, झटका (फिट) आला, दिसणं अंधुक झालं, हातपाय लुळे पडले किंवा ताप चढला, तर ब्लॉकचा असर संपायची वाट न पाहता त्याच रात्री दवाखाना गाठायचा.