नॉमिनी लावलाय, पण कोणत्या नावानं?

"बाबांचे म्युच्युअल फंड माझ्या नावावर व्हायला किती दिवस लागतील?" आम्ही म्युच्युअल फंडाचे वितरक; वडील गेल्यावर आमच्या ऑफिसात सगळ्यात जास्त विचारला जाणारा हा प्रश्न. नॉमिनी असेल तर कागद मोजकेच लागतात: मृत्यूचा दाखला, नॉमिनीचं केवायसी, रद्द केलेला चेक आणि फॉर्म. दिवस जातात ते नावापायी.

मागच्या वर्षी एक ताई पिशवीभर कागद घेऊन आल्या. वडिलांनी नॉमिनी म्हणून त्यांचं माहेरचं नाव लिहिलेलं. आधारवर सासरचं, पॅनवर अजून माहेरचंच, पासबुकात आडनाव आधी आणि नवऱ्याच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. लग्नाची नोंदणी झालेलीच नव्हती. ती आधी केली, मग पॅन बदललं, मग प्रतिज्ञापत्र, मग बँक. चार महिने गेले. वडील असताना एका सहीत झालं असतं.

म्हणून मुलीचं लग्न झालं, सुनेचं नाव बदललं की आम्हाला कळवा. नॉमिनीचं नाव त्यांच्या पॅनवर आहे तसंच, अक्षर न् अक्षर, हवं. पहिल्याच भेटीत आम्ही पॅन, आधार, पासबुक असे तिन्ही कागद मागतो, त्याचा काहींना राग येतो. पण हीच तपासणी नंतर करायची वेळ येते तेव्हा घरात दुःख असतं, आणि धावपळ बहुधा आईला करावी लागते.

आणखी एक. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. पैसे त्याच्या हातात येतात, हक्क मात्र कायदेशीर वारसांचा. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. त्यामुळे मृत्युपत्र कराच. दोन साक्षीदारांसमोर सही लागते, नोंदणी सक्तीची नाही. बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी लावता येतात. दोन मुलं असतील तर प्रत्येकाचा वाटा तिथंच लिहून टाका.

आम्हाला कमिशन फंड कंपनीकडून मिळतं, हे आम्ही लपवत नाही. फाइल तपासायचे वेगळे पैसे घेत नाही, गुंतवणूक दुसरीकडून केलेली असली तरी. जुन्या एफडीच्या पावत्या, पीपीएफचं पुस्तक, विम्याची पॉलिसी, सगळं एकदम आणा. येताना जोडीदाराला सोबत घ्या, आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स विसरू नका.