ग्रामपंचायतीचा दिव्यांग निधी: ५ टक्क्यांतला आपला वाटा कसा मागायचा

महिन्याचा पहिला आठवडा उजाडला की आमच्या ग्रामपंचायतीच्या ओट्यावर ठरलेला प्रश्न येतो, "आप्पा, आमना पैसा उनात का?" म्हणजे आमचे पैसे आले का? आप्पा म्हणजे ग्रामसेवक. आता कागदावर त्यांचं पद 'ग्रामपंचायत अधिकारी' झालंय, पण खान्देशात आप्पांचे आप्पाच राहिले. मी बाजूच्याच खोलीत सेवा केंद्राच्या कॉम्प्युटरवर बसतो, त्यामुळे प्रश्न आणि उत्तर दोन्ही रोज कानावर येतात. विचारणाऱ्याच्या डोक्यात बहुतेक वेळा दोन वेगवेगळे पैसे एक झालेले असतात.

एक पैसा म्हणजे संजय गांधी निराधार योजनेचा दरमहाचा 'पगार'. तो तहसील कार्यालयातून मंजूर होतो, आप्पांच्या हातात त्यातलं काही नसतं. दुसरा पैसा मात्र गावाचाच. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के गावातल्या दिव्यांगांवर खर्च करायचे असतात. आधी हे प्रमाण ३ टक्के होतं. पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपालिका आणि महापालिका यांनाही ५ टक्क्यांचाच नियम आहे. हा लेख या दुसऱ्या पैशाबद्दल आहे, कारण तो आपोआप कधीच येत नाही.

पैसा किती, हे आधी समजून घ्या

घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, आठवडे बाजाराची फी, गाळ्यांचं भाडं हे सगळं 'स्वउत्पन्न'. वित्त आयोगाचा किंवा इतर योजनांचा निधी यात येत नाही. इथेच बऱ्याच जणांचा घोटाळा होतो. गावात ४० लाखांचा रस्ता झाला, मग आमचे २ लाख कुठे गेले, असा सवाल ग्रामसभेत हमखास येतो. रस्त्याचा पैसा वरून आलेला असतो, त्यातून हे ५ टक्के निघत नाहीत.

समजा एखाद्या गावाची वर्षाची वसुली ८ लाख आहे. त्याचे ५ टक्के ४० हजार. गावात नोंद असलेले दिव्यांग २५. सरसकट वाटले तर माणशी १,६०० रुपये. ज्या गावाच्या शिवारात दोन-तीन कापसाच्या जिनिंग आहेत, त्याची घरपट्टी मोठी, म्हणून वाटाही मोठा. सातपुड्याच्या पायथ्याच्या छोट्या गावात हाच आकडा काही शेकड्यांवर येतो. म्हणजे शेजारच्या गावात पाच हजार मिळाले म्हणून आपल्याकडे तेवढेच मिळतील असं नाही. आणि एक गोष्ट मला बोलूनच दाखवावीशी वाटते: घरपट्टी थकवणारं गाव आपल्याच दिव्यांगांचा वाटा कमी करतं. हिशोब हातात आलेल्या पैशावर होतो, नमुना ९ मधल्या, म्हणजे कर मागणीच्या वहीतल्या आकड्यावर नाही.

पात्र कोण

त्या ग्रामपंचायत हद्दीत राहणारी आणि किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र असलेली व्यक्ती. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरले आहेत. हात-पाय, डोळे, कान एवढंच लोकांच्या मनात असतं. पण सिकलसेल, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, मानसिक आजार, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता, अ‍ॅसिड हल्ल्यातले पीडित हेही त्यात येतात. नंदुरबारच्या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे रुग्ण बरेच आहेत. त्यांच्यापैकी कित्येकांना आपण या यादीत बसू शकतो हेच माहीत नसतं, आणि त्यांना कुणी सांगतही नाही.

पहिली पायरी: यूडीआयडी कार्ड

अर्ज अडतो तो बहुतेक इथेच. मागच्या वर्षी गल्लीतल्या एक काकू मुलाचं प्रमाणपत्र घेऊन आल्या. हाताने लिहिलेलं, जुनं, जपायचं म्हणून लॅमिनेशन केलेलं. घडी नेमकी टक्क्याच्या आकड्यावरून गेलेली, त्यामुळे ६० आहे की ८० हे कुणालाच वाचता येईना. असा कागद आता उपयोगाचा नाही. वैश्विक ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी कार्डच लागतं.

अर्ज स्वावलंबन पोर्टलवर ऑनलाइन करायचा. फोटो, आधार, पत्त्याचा पुरावा, सही किंवा अंगठा आणि असतील तर जुने उपचाराचे कागद स्कॅन करून लावायचे. अर्ज करताना तपासणीचं रुग्णालय निवडावं लागतं. जळगाव, धुळे किंवा नंदुरबारचं जिल्ह्याचं सरकारी रुग्णालय बहुतेक जण निवडतात. नाव आणि जन्मतारीख आधारवर आहे तशीच टाका. 'पाटील' आडनावाच्या जागी वडिलांचं नाव पडलं, एवढ्यावरून पुढे बँकेत अडलेला माणूस मी पाहिलाय.

तपासणीचा वार प्रत्येक रुग्णालयात ठरलेला असतो आणि डोळ्यांचा, हाडांचा, कानांचा वार वेगवेगळा असू शकतो. निघण्याआधी चौकशी करा. धडगावच्या पाड्यावरून चांदसैली घाट उतरून नंदुरबारला पोहोचायचं आणि 'आज हाडांचे डॉक्टर नाहीत' ऐकून परतायचं, यात गरीब माणसाची दिवसाची मजुरी आणि गाडीभाडं दोन्ही जातं. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्र देण्यासाठी रुग्णालयाला तीन महिन्यांपर्यंत मुदत आहे. अर्ज करून तपासणीला गेलाच नाहीत, तर दोन वर्षांनी तो अर्ज बाद होतो.

कार्डावरच्या पट्टीचा रंगही बघा. ४० टक्क्यांच्या आत पांढरी, ४० ते ८० च्या आत पिवळी, ८० आणि त्यावर निळी.

ग्रामपंचायतीत अर्ज

छापील नमुना सगळीकडे सारखा नाही. काही ठिकाणी आप्पा देतात, काही ठिकाणी कोऱ्या कागदावर चालतं. मजकूर इतका पुरे:

"मी वरील पत्त्यावर राहत असून मला अमुक प्रकारचे, इतके टक्के दिव्यांगत्व आहे. माझे नाव ग्रामपंचायतीच्या दिव्यांग नोंदवहीत घ्यावे आणि सन अमुक-अमुकच्या ५ टक्के दिव्यांग निधीतून मला लाभ द्यावा, ही विनंती."

नोंदवहीचं वाक्य वगळू नका. पहिल्यांदा अर्ज करणाऱ्याचं नाव वहीत नसेल, तर यादी करताना तो सुटतो. मग वर्षभर थांबा.

सोबत यूडीआयडी कार्ड, आधार, रेशनकार्ड, रहिवासी पुरावा आणि बँक पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स जोडा. पासबुकाचं खातं चालू आणि आधारशी जोडलेलं पाहिजे. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून बंद पडलेली खाती हा आमच्याकडचा नेहमीचा त्रास, तेव्हा अर्जाआधी एकदा शंभर रुपये भरून, काढून बघा. लहान मूल असेल तर आई किंवा वडिलांसोबत संयुक्त खातं चालतं. मतिमंदत्व, सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता किंवा बहुविकलांगता असलेली व्यक्ती १८ वर्षांवर गेली की बँका कायदेशीर पालकत्वाचा कागद मागू शकतात. तो १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती देते.

अर्ज दोन प्रतींत न्या. एक द्या, दुसरीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. "राहू द्या ताई, लक्षात आहे माझ्या" असं म्हटलं तरी पोच घ्याच. आप्पा मनाने चांगले असतील, पण त्यांची बदली होते आणि लक्षात ठेवलेलं त्यांच्याबरोबर जातं.

वेळ कोणती

आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प, म्हणजे नमुना १, हिवाळ्यात तयार होऊ लागतो. म्हणून नवीन अर्ज दिवाळीनंतर, डिसेंबर संपायच्या आत द्या. बरेच जण मार्चमध्ये धावत येतात, तेव्हा आप्पा वसुलीत गुंतलेले असतात आणि त्या वर्षाची यादी ठरून गेलेली असते.

ग्रामसभा वर्षातून किमान चार व्हायला हव्यात. प्रघात २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर असा. गणपूर्ती, म्हणजे सभेला लागणारी किमान हजेरी, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांतला कमी आकडा. सभा तहकूब होऊन पुन्हा भरली की गणपूर्ती लागत नाही, आणि नेमक्या अशा ओस पडलेल्या सभेत महत्त्वाचे ठराव निघून जातात. दिव्यांग निधीचा विषय तुम्ही तोंडी मांडा आणि प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे सभेच्या इतिवृत्तात, लिहिला गेला का ते उठण्याआधी वाचून घ्या. आमच्या त्या काकू सभेत उभ्या राहून एवढंच म्हणाल्या, "लिखं का ते दखाडा." (लिहिलं का ते दाखवा.) सभा पाच मिनिटं थांबली, पण ओळ लिहिली गेली.

पैसे की वस्तू

निधी वैयक्तिक लाभावर जातो तसा सामूहिक कामावरही जाऊ शकतो: शाळेला किंवा दवाखान्याला रॅम्प, धरायला कठडे, दिव्यांगांना वापरता येईल असं शौचालय. माणशी हजार-बाराशे वाटण्यापेक्षा रॅम्प बांधणं मला शहाणपणाचं वाटतं. पण ज्याच्या घरात औषधाची चिठ्ठी पडून आहे त्याला हे सांगायला मी धजत नाही. निर्णय ग्रामसभेचा. फक्त 'सामूहिक' म्हणून दाखवलेलं काम खरंच दिव्यांगांच्या उपयोगाचं आहे का, हे विचारा.

मोठी वस्तू हवी असेल, म्हणजे पिठाची गिरणी, झेरॉक्स मशीन किंवा शिलाई मशीन, तर जिल्हा परिषदेच्या सेसमधल्या, म्हणजे तिच्या स्वतःच्या उत्पन्नातल्या ५ टक्क्यांकडे बघा. त्या योजना दर वर्षी बदलतात आणि अर्ज पंचायत समितीमार्फत मागवतात. तिथे तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, आणि बऱ्याचदा 'याआधी हा लाभ घेतला नाही' असा ग्रामपंचायतीचा दाखला लागतो. बहुतेक वेळा वस्तू आधी स्वतः घ्यायची, जीएसटीचं पक्कं बिल द्यायचं, मग अनुदान खात्यात येतं. उसनवारीवर गिरणी घ्यावी लागते, त्यामुळे गरजू माणूस अनेकदा यादीत नाव येऊनही मागे फिरतो. ही अट बदलायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

दाद कुठे मागायची

आधी माहिती मागा. माहिती अधिकाराच्या अर्जाला १० रुपये, दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला फी नाही, उत्तराची मुदत ३० दिवस. प्रश्न चारच ठेवा: मागच्या वर्षी स्वउत्पन्न किती, त्याचे ५ टक्के किती, खर्च किती, लाभ कुणाला. ग्रामपंचायतीचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराज पोर्टलवर घरबसल्याही पाहता येतो.

निधी ठेवलाच नाही किंवा खर्चच झाला नाही, असं निघालं तर पोच आणि माहितीची प्रत जोडून गटविकास अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार द्या. तिथे हललं नाही तर जिल्हा परिषदेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्यांकडे. तालुक्याचा लोकशाही दिन महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी आणि जिल्ह्याचा पहिल्या सोमवारी असतो. त्याच्याही पुढे पुण्याचं दिव्यांग कल्याण आयुक्तालय आहे, पण आमच्या गावातली तक्रार आजवर गटविकास अधिकाऱ्यांच्या पुढे जायची वेळ आलेली नाही. लेखी अर्ज पंचायत समितीत पोहोचला की आठवडाभरात आप्पांचा फोन वाजतो.

काकूंच्या मुलाचं कार्ड अडीच महिन्यांनी पोस्टाने आलं, पट्टी पिवळी. नाव नोंदवहीत चढलं, पण तोवर फेब्रुवारी उजाडला होता, म्हणून त्या वर्षीच्या यादीत ते नव्हतं. यंदा त्यांनी दिवाळीचा फराळ संपायच्या आत अर्ज दिला, आणि त्याची पोच आता लॅमिनेशन न करता प्लास्टिकच्या पिशवीत ठेवली आहे.