डिफमधली पकड आणि ब्रेकची पकड

गेल्या पावसाळ्यात मुळशीकडे एका शेतघरावर जेवण उरकून निघताना शेजारच्या काकांची गाडी गेटापाशीच अडकली. उजवी चाकं ओल्या डांबरावर, डावी साइडपट्टीच्या लाल चिखलात. काकांनी ॲक्सिलरेटर दाबला की पुढचं डावं चाक गरगर फिरायचं, बॉनेटखालून करकर आवाज यायचा आणि काका दचकून पाय उचलायचे. पुन्हा तेच. शेवटी वैतागून म्हणाले, "ब्रोशरमध्ये तर इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक लिहिलं होतं! फसवलं लेकाच्यांनी."

फसवलं नव्हतं. पण त्या 'लॉक' शब्दानं घोळ घातला होता, एवढं खरं. काकांच्या डोक्यात होता तो एलएसडी, म्हणजे लिमिटेड स्लिप डिफरन्शियल. गाडीत होतं ते ईडीएल, म्हणजेच ब्रोशरमधलं इलेक्ट्रॉनिक डिफरन्शियल लॉक. काम सारखं दिसतं, म्हणून लोक दोन्हीला एकाच नावानं हाक मारतात.

आधी साधं डिफरन्शियल (किंवा नुसतं डिफ), म्हणजे इंजिनाचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणारा गिअरांचा संच, कारण ते या दोघांच्याही मुळाशी आहे. कर्वे रस्त्यावर यू-टर्न घेताना बाहेरचं चाक आतल्यापेक्षा जास्त अंतर कापतं. दोन चाकांमध्ये दीड मीटर अंतर असेल तर हा फरक साधारण ४.७ मीटर येतो, आणि गंमत म्हणजे यू-टर्न लहान घ्या की मोठा, फरक तेवढाच. दोन्ही चाकं एका दांड्याला पक्की बांधली असती तर प्रत्येक वळणावर टायर घासत गेले असते. डिफरन्शियल दोघांना वेगवेगळ्या गतीनं फिरू देतं. पण जोर मात्र दोघांना सारखाच वाटतं, आणि चिखलात नेमकं हेच नडतं. निसटणारं चाक जेवढा जोर पेलेल, तेवढाच दुसऱ्यालाही मिळतो. सगळी ताकद फिरणाऱ्या चाकाकडे जाते असं आपण म्हणतो खरं, पण प्रत्यक्षात जोर दोघांनाही सारखाच कमी मिळत असतो.

आकड्यांत बघू. पुढच्या प्रत्येक चाकावर ३०० किलोचा भार धरा. ओल्या डांबरावरचं चाक साधारण १८० किलोची ओढ देऊ शकेल, चिखलातलं ६०. साध्या डिफमध्ये गाडीला मिळते ६० अधिक ६०, म्हणजे १२०. डांबरावरची उरलेली पकड नुसती पडून राहते.

एलएसडी हा खुद्द डिफरन्शियलमधलाच बदल आहे. काकांच्यासारख्या फ्रंट-व्हील गाडीत, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत, तो गिअरबॉक्सच्या पोटात बसतो. काहींत क्लच प्लेट असतात, काहींत तिरक्या दातांचे गिअर. तिरक्या गिअरवाला डिफ कमी पकडीच्या चाकाच्या, समजा, अडीचपट जोर दुसऱ्याला देऊ शकतो. मग हिशोब ६० अधिक १५०, म्हणजे २१०. मात्र यात एक मेख आहे. चाक हवेतच लटकलं तर शून्याची अडीचपटही शून्यच. क्लचवाल्यात प्लेटा आधीच दाबून बसवलेल्या असल्या तर तिथंही थोडा जोर पोचतो.

ईडीएलमध्ये डिफरन्शियल जुनंच, साधंच. त्यात काहीही लॉक होत नाही. चाकांचे सेन्सर एक चाक उधळल्याचं कळवतात आणि पंप त्या एकाच चाकाचा ब्रेक आवळतो. आमच्या उदाहरणात ब्रेकनं ८० किलोचा विरोध केला तर डिफला वाटतं की डावं चाक १४० पेलतंय, म्हणून उजव्यालाही १४०. चिखलातले ६० धरून गाडीला २०० मिळाले. फक्त इंजिनला २८० पुरवावे लागले आणि मधले ८० डिस्क तापवण्यात गेले. म्हणून फार वेळ असा छळ केला तर ब्रेक वाचवायला यंत्रणा काही काळ हात आखडता घेते. नुसतं एबीएस, म्हणजे ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत हे होत नाही. एबीएस आपण दिलेला दाब सोडतं आणि परत देतं, पण पाय पेडलवर नसताना स्वतःहून ब्रेक लावत नाही.

सिंहगडाच्या घाटात चढणीच्या आखूड वळणावर फरक आणखी जाणवतो. चढामुळे भार मागे, वळणामुळे बाहेर, त्यामुळे आतलं पुढचं चाक हलकं होऊन चिरकतं. एलएसडी असेल तर जोर बाहेरच्या चाकाकडे सरकतो आणि नाक वळणात ओढलं जातं, पण स्टिअरिंगही हातात ओढ खातं. ब्रेकवाली यंत्रणा तेच साधते, पण थोडी ताकद खाऊन. रोज कोथरूड ते हिंजवडी करणाऱ्यानं एलएसडीसाठी गिअरबॉक्स उघडावा, असं मला अजिबात वाटत नाही. टायर गुळगुळीत झाले असतील तर पैसे तिथं घालावेत, कारण पकड वाढवणं या दोघांच्याही हातात नाही. असलेली पकड वापरणं एवढंच ते करतात.

तर गेटापाशी परत. एक जीपवाले दादा ओरडले, "हँडब्रेक अर्धा ओढा!" त्यांच्या जुन्या जीपला ते लागू पडतं, कारण तिथं मागची चाकं गाडी ढकलतात आणि हँडब्रेक त्या फिरणाऱ्या चाकालाही आवळतो. काकांच्या गाडीत हँडब्रेक मागच्या चाकांना आणि ताकद पुढच्यांना. ओढला असता तर गाडी आणखीच जखडली असती.

मी म्हटलं, "काका, दुसरा गिअर टाका, थोडा ॲक्सिलरेटर द्या आणि करकर झाली तरी पाय उचलू नका. तो आवाज ब्रेकचा आहे, काही तुटत नाहीये." तीनचार सेकंद गाडी नुसती थरथरली. मग उजवं चाक हललं आणि गाडी रस्त्यावर आली. माझी पॅन्ट मात्र गुडघ्यापर्यंत लाल.