गस्त कुठं गेली? सांगलीतल्या चोऱ्या, तक्रारी आणि त्यामागचा इतिहास

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलनीतले वीस-पंचवीस जण निवेदन घेऊन पोलीस ठाण्यात गेलो होतो, निमित्त घरफोडीचं. रात्री अडीच-तीनला चोरांनी आधी शेजारच्या तीन घरांना बाहेरून कड्या लावल्या, म्हणजे कुणी जागं झालं तरी दारातनं बाहेर येऊ नये, मग बंद घराचा कोयंडा उचकटला. सकाळी जाऊन बघतो तर डाळ-तांदळाचे डबे सगळे पालथे, बायका दागिने डब्यात ठेवतात हे त्यांना पक्कं ठाऊक. त्या घरातल्या काकू गावाहून आल्या त्या तशाच फरशीवर बसून तांदूळ चाळत होत्या, मंगळसूत्राची एखादी वाटी तरी सापडेल म्हणून. आणि ठाण्यात पहिला प्रश्न काय, तर "सोन्याचं बिल आहे का?" पस्तीस वर्षांमागच्या लग्नातल्या सोन्याचं बिल कोण जपून ठेवतं सांगा.

आता "पोलीस कडक पाहिजेत" असं सगळेच म्हणतात, पण हे दुखणं कालचं नाही, म्हणून जरा मागनं सांगतो.

जुन्या काळी गावची राखण रामोशाकडं असायची आणि त्याच्यावर पाटील. चोरी झाली की राखणदारानं पावलांचा माग काढायचा, माग शिवेपर्यंत गेला की पुढच्या गावाच्या हवाली करायचा, मग तिथनं पुढचं त्या गावानं निस्तरायचं. माग निघालाच नाही तर भरपाईचा बोजा राखणदारावर नाहीतर गावावर यायचा. त्या व्यवस्थेत जातीची उतरंड होती, जुलूमही होता, ती परत यावी असं मी म्हणत नाही, पण एक गोष्ट होती, चोरी झाली तर जाब कुणाला विचारायचा हे गावातल्या पोराला पण माहीत होतं.

इंग्रज आले आणि हे मोडलं. रामोशांची कामं गेली, उत्पन्न गेलं, उमाजी नाईकांचं बंड त्याच असंतोषातनं पेटलं आणि १८३२ ला त्यांना पुण्यात फाशी झाली. पुढं १८४८ ला सातारचं राज्य खालसा झालं. १८५७ नंतर सरकारला पोलीस हवा होता तो मुख्यतः रयत ताब्यात ठेवायला, १८६१ चा पोलीस कायदा त्यातनंच आला, मुंबई इलाख्यात १८६७ चा गावपोलीस कायदा आणि १८९० चा जिल्हा पोलीस कायदा. पोलीस आता वरच्या साहेबाला उत्तर देणार, गल्लीला नाही. शिवाय १८७१ च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. तो शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ ला कायद्यातनं पुसला पण माणसांच्या डोक्यातनं नाही. आजही चोरी झाली की कॉलनीतल्या ग्रुपवर पहिलं बोट पालावर राहणाऱ्यांकडं, नाहीतर ऊसतोड मजुरांकडं जातं, आणि हे फार वाईट आहे, कारण त्यानं निरपराध माणूस मार खातो आणि खरा चोर निवांत सुटतो.

आपल्या भागानं यावर एकदा स्वतःचं उत्तर काढलं होतं. क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार, १९४३ ते ४६, कुंडल त्याचं मुख्य केंद्र. इंग्रजांविरुद्ध लढणं तर होतंच, पण गावगुंड, दरोडेखोर आणि छळणारे सावकार यांचा बंदोबस्त पण त्यांनी केला, गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, तुफान सेना उभी केली. लोक त्याला पत्री सरकार म्हणायचे. आमचे आजोबा सांगायचे की त्या दिवसांत पोलिसापेक्षा कार्यकर्त्याकडं जायला माणसाला भीती कमी वाटायची.

स्वातंत्र्यानंतर १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० ला त्याचं नाव सांगली. १९५१ चा मुंबई पोलीस कायदा, तोच आता महाराष्ट्र पोलीस कायदा, तडीपारी त्यातनंच होते. वतनदार पाटील गेले आणि १९६७ च्या कायद्यानं नेमणुकीचा पोलीस पाटील आला. पण तो गावासाठी. सांगली, मिरज, कुपवाड मिळून १९९८ ला महापालिका झाली, विश्रामबाग, विजयनगरच्या बाजूला मळ्यांच्या जागी प्लॉट पडले, अपार्टमेंट झाली, आणि या नव्या वस्तीला धड गावचा पोलीस पाटील नाही, धड गावभागासारखा रात्री बाराला कट्ट्यावर बसलेला शेजार पण नाही. महापालिका झाली तरी इथं पोलीस आयुक्तालय नाही, जिल्ह्याचे एसपीच सगळं बघतात, शहर पण आणि जत, आटपाडी पण. गणपती, निवडणूक, कुणी मंत्री आले की माणसं बंदोबस्ताला जातात आणि गस्त आपोआप पातळ होते. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं तरी कितीतरी लोक घर सोडेनात, कारण मागं चोरी झाली तर बघणार कोण.

त्यात आता नशेची भर. २०२४ च्या फेब्रुवारीत कुपवाडमधला मेफेड्रोन या अमली पदार्थाचा साठा पुणे पोलिसांनी येऊन पकडला, पुढच्या वर्षी विट्याजवळ कार्वे एमआयडीसीत कारखानाच सापडला, तो मात्र सांगलीच्या पोलिसांनी उघड केला, त्याचं श्रेय द्यायलाच पाहिजे.

आणि कडक म्हणजे मारहाण नव्हे, हे सांगलीनं तरी विसरू नये. २०१७ ला याच शहरात लुटीच्या संशयावरनं पकडलेला तरुण कोठडीत मेला आणि त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळला.

लोकांना पाहिजे ते साधं आहे, तक्रार लिहून घ्या. सुप्रीम कोर्टानं २०१३ ला ललिता कुमारी निकालात सांगितलं की दखलपात्र गुन्हा, म्हणजे ज्यात पोलीस कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकतात असा, दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागेल. तरी मोबाईल चोरीला गेला की "गहाळ म्हणून लिहा" असा आग्रह असतो, कारण गुन्हा नोंदला की आकडा वाढतो आणि तपास मागं लागतो. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे आले, त्यात कुठल्याही ठाण्यात झीरो एफआयआर देता येतो, ऑनलाइन तक्रार देऊन तीन दिवसांत सही करता येते. ठाण्यानं घेतलं नाही तर एसपींकडं लेखी द्या, तिथंही नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं जाता येतं. पण त्याच कायद्यांत पाच हजारांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र झाली, म्हणजे गेटबाहेर लावलेली जुनी सायकल गेली तर पोलीस एनसी, म्हणजे नुसती अदखलपात्र नोंद, लिहिणार आणि कोर्टाच्या हुकमाशिवाय तपास करू शकणार नाहीत. छोट्या चोऱ्यांतनंच चोरट्याला कुठलं घर बंद आहे, कुत्रं कुठं आहे हे कळतं, म्हणून मला हे अजिबात पटलेलं नाही.

आमच्या निवेदनात एवढंच लिहिलंय की रात्री दोन ते चार गस्त यावी, पूर्वी गेटला गस्तीच्या पोलिसानं सही करायची जी वही लटकवलेली असायची ती परत लावावी, आणि काकूंच्या एफआयआरमध्ये सोनं बिलाशिवाय, लग्नातल्या फोटोवरनं का होईना, पण पूर्ण लिहावं. हवालदारांनी वाचलं, म्हणाले "ठेवून जावा." आम्ही म्हटलं, साहेब, पोच द्या. अर्धा तास बाकड्यावर बसलो, मग शिक्का मारून मिळाली.