तीच पाने, दोन उतारी

इंदूरच्या रामबागेत दिवाळीच्या सुटीत मेंढीकोट खेळत वाढलेली माणसे ब्रिजकडे वळतात, तेव्हा हुकूम म्हणजे काय हे त्यांना नव्याने शिकवावे लागत नाही. अडते ते पहिल्या उतारीपाशी, म्हणजे विरुद्ध बाजूने डावाचे पहिले पान टाकताना. ‘लांब रंगातले वरून चौथे पान उतरा’ हे सूत्र पाठ होते आणि मग कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे बोलीत ठरलेले हात घेण्याचे वचन, हुकमाचे आहे की नो ट्रम्पचे (बिनहुकमाचे), हे न पाहता ते सगळीकडे लावले जाते.

समजा, आपल्याकडे इस्पिकचा राजा, राणी, सत्ती, पंजी आणि तिर्री आहे. समोर तीन नो ट्रम्प, म्हणजे नऊ हातांचे कॉन्ट्रॅक्ट असेल, तर चौथे पान म्हणजे पंजी उतरावी. कॉन्ट्रॅक्ट पाडायला तेरापैकी पाच हात लागतात आणि वरची पाने संपली की येथे तिर्रीसुद्धा हात घेऊ शकते. शिवाय भिडूकडे इस्पिकची दोनच पाने असतील, तर पंजीमुळे त्याचे दुसरे पान शिल्लक राहते आणि पुढे हात मिळाल्यावर तो तेच पान खेळून आपल्यापर्यंत पोहोचतो. राजा, राणी आणि गुलाम असे सलग असते, तर मात्र नो ट्रम्पमध्येही राजाच उतरला असता.

आता कॉन्ट्रॅक्ट चार बदामांचे, म्हणजे बदाम हुकूम असलेले, आहे. इस्पिकच्या तिसऱ्या फेरीला बहुधा कोणीतरी बदामाने कापणारच, त्यामुळे सत्ती, पंजी, तिर्रीला किंमत नाही. जे मिळायचे ते पहिल्या दोन फेऱ्यांत. म्हणून राजा उतरावा. पंजी उतरलो आणि विरुद्ध बाजूने गुलामावर स्वस्तात हात नेला, तर राजा-राणीपैकी एक वायाच जाण्याचा धोका असतो.

एक्क्याखालून उतरण्याची चूक याहून महाग पडते. एक्का, राणी, अठ्ठी, चव्वी, दुर्री यांतून नो ट्रम्पविरुद्ध चव्वी उत्तम. हुकमाविरुद्ध मात्र तो रंग न छेडणेच बरे, आणि छेडायचाच असेल तर एक्का उतरावा. एकट्या पानाची उतारी हुकमाविरुद्ध कापण्याच्या आशेने शोभते, नो ट्रम्पमध्ये क्वचितच.

चौथ्या पानाची उतारी भिडूशी बोलते, आणि मला ती त्यासाठीच प्रिय आहे. भिडूने छक्की उतरली, तर अकरातून सहा वजा करावेत: उरलेल्या तिघांकडे मिळून छक्कीहून मोठी पाचच पाने आहेत, कारण एकूण आठांपैकी तीन त्याच्याकडे आहेत. डमीची (कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याच्या भिडूची, टेबलावर उघडी मांडलेली) आणि आपली मोजली की राहिलेली कॉन्ट्रॅक्ट खेळणाऱ्याची.